वर कोण?

४ नोव्हेंबर

ही वही लेकीने दिली. "बाबा, मनात येईल ते लिहा, मन हलकं होतं," म्हणाली. हलकं झालेलं मन घेऊन पुढे करायचं काय, ते काही तिने सांगितलं नाही. पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. काम संपलं की नोंदवहीत एक ओळ लिहायची, 'तपासली, चालू स्थितीत', आणि खाली सही. त्याहून जास्त लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

तर आजची नोंद. तपासली, चालू स्थितीत, रक्तदाब सोडून. डॉक्टर म्हणतात रोज चाला. किनाऱ्यावरच्या रस्त्याने चाललं की जो तो अडवतो आणि मान तिरकी करून विचारतो, "कसे आहात आता?" बायको जाऊन आठ महिने झाले, पण लोकांचं 'आता' काही संपत नाही. म्हणून उद्यापासून वर, टेहळणीच्या बुरुजाकडे. तिकडे चढण आहे. सांत्वन करायला दम लागतो, तो या लोकांकडे नाही.

५ नोव्हेंबर

गेलो. गुडघ्याची पार वाट लागली, पण गेलो. खाली सगळी खाडी, होड्या, पलीकडचे काळे खडक, त्यांच्यावर फुटणारं पांढरं पाणी. ही दर रविवारी मैत्रिणींबरोबर इथं यायची आणि दुपारी परत येऊन मला वर्णन ऐकवायची. मी पेपर वाचत "हं, हं" करायचो. वर्णन बरोबर होतं म्हणायचं.

बुरूज म्हणजे पूर्वी चाच्यांची गलबतं दिसली की वर जाळ पेटवून गावाला सावध करायची जागा. चाचे गेले, बुरूज राहिला. आतला जिना गोल गोल वर जातो आणि इतका अरुंद आहे की दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. म्हणून दारात पाटी आहे. चढण्याआधी 'वर कोण?' अशी हाक द्यायची. वर कुणी असेल तर त्याने दगडावर एक ठोका द्यायचा, आणि तो उतरेपर्यंत खालच्याने थांबायचं. पहारेकऱ्यांची जुनी रीत म्हणे. मला पटली. लिफ्टच्या शाफ्टमध्ये आम्ही याहून वेगळं काही करत नव्हतो.

हाक दिली. एक ठोका आला. खालच्या खोलीत दगडी बाक आहे, त्यावर बसलो. ऊन भिंतीवरून सरकत दाराबाहेर गेलं तरी कुणी उतरलं नाही. भिंतीतल्या फटींतून वारा घुमत होता. घरी बोलतो तसा सवयीने बोलून गेलो, "अगं, हा गुडघा काही माझं ऐकत नाही बघ. तुझ्यावर गेलाय."

आणि वरून आवाज आला. "च्च."

तिचाच. चाळीस वर्षं ऐकलेला. मी उठलो आणि सरळ घरी आलो.

६ नोव्हेंबर

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. लिफ्ट मध्येच अडकली की लोक काय काय बोलतात ते मी ऐकलंय, आणि दर वेळी आत सापडलाय तो फक्त जळलेला फ्यूज. हे आधी लिहून ठेवतो.

आता दुसरं. शाफ्टमध्ये वरचा माणूस आणि खालचा माणूस एकमेकांना दिसत नाहीत. ओरडलं तर नुसतं घुमतं, शब्द कळत नाहीत. म्हणून पान्याने लोखंडी रुळावर ठोकायचं. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे चालू दे. हिने ही भाषा घरात आणली. मी बाहेर पडायला लागलो आणि स्वयंपाकघरातून ओट्यावर उलथन्याचा एक ठोका आला की थांबायचं, मी काहीतरी विसरलेलो असायचो. बोलता बोलता मी गप्प झालो की दोन ठोके. बोला, ऐकतेय.

काल एकच ठोका होता. थांब.

पाटीवरही एकच लिहिलाय, हे मला समजतं. मी काही खुळा नाही. तरीही आज गेलो. हाक दिली, ठोका आला. थांबलो, आणि तिला आठ महिन्यांची सगळी हकीकत सांगितली. नळाचा वॉशर, शेजाऱ्यांचं कुत्रं, लेकीचा नवा फ्लॅट आणि त्यातली ती टिचभर बाल्कनी. वरून काही आवाज नाही. पण ऐकणाऱ्याची शांतता वेगळी असते, ती कळते.

८ नोव्हेंबर

खालच्या सुरूच्या झाडाला कुणीतरी लाल सायकल कुलूप लावून ठेवली आहे. मी जातो तेव्हा असते, येतो तेव्हाही असते. खाऱ्या वाऱ्याने चेन गंजून लाल पडलीय. लोकांना वस्तू घेता येतात, ठेवता येत नाहीत. मला ते बघवेना. घरून तेलाची बाटली नेली आणि चेन पुसून तेल घातलं. नसती उठाठेव, ही म्हणाली असती. म्हणालीही असेल, वारा जोरात होता.

येताना औषधांच्या दुकानात गेलो, आठ महिन्यांत पहिल्यांदाच; आजवर गोळ्या लेक धाडायची. तिथे नेहमीची बाई नाही, कुणी नवा माणूस आहे, त्याने मला दुसऱ्याच कुणाच्या गोळ्या दिल्या. ती बाई असती तर मी दारात दिसताच तिने माझ्या गोळ्यांची बाटली काढून ठेवली असती आणि वर विचारलं असतं, "काका, सकाळची घेतली का?" बसथांब्यावरच्या चहावालीजवळ कुरकुर केली, तर ती म्हणाली, "कुठून येणार ती? उन्हाळ्यात तिची पोरगी समुद्राने नेली, तेव्हापासून बहिणीकडे असते. सकाळी निघते, दिवसभर कुठे जाते ते बहिणीलाही माहीत नाही."

वाईट झालं. पण आपलंच ओझं काय कमी आहे. म्हटलं, मला गावगप्पा नकोत, चहात साखर नको.

११ नोव्हेंबर

आज निलगिरीच्या बामाचा वास होता. जिन्यावरून खाली येत होता. ही डोकं दुखलं की तोच लावायची, उशीला वास यायचा. मी अभ्रे अजून धुतलेले नाहीत, लेकीला सांगू नये.

वर का जात नाही, असं आज स्वतःला विचारलं. गुडघा आहे. पाटी आहे. ठोका आल्यावर चढू नये, तो नियम मोडून माणसं मेलेली मी पाहिली आहेत. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि तरी खरं कारण हे नाही. वर गेलो आणि कुणीच नसलं तर? त्यापेक्षा खाली बसलेलं बरं.

मध्येच कुठूनतरी फोनची धून आली आणि लगेच तुटली. वाऱ्यावर बोटीवरचे आवाज असे येतात.

१४ नोव्हेंबर

आज बोलायचं ठरवलं नव्हतं, पण बोललो.

आमचा पहिला मुलगा. आठवडाभराचा होऊन गेला. त्याचं नावही ठेवलं नव्हतं, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचं तर सुरुवात कुठून करायची हेच आम्हाला कधी कळलं नाही. लेकीलाही हे माहीत नाही. आज बुरुजात बसून म्हटलं, "अगं, तो गेला तेव्हा तू किती दिवस बोलली नव्हतीस, आठवतं? मी कामावरून यायचो, तू भिंतीकडे तोंड करून बसलेली. मला वाटलं, ही पण गेली. मग एक दिवस तू म्हणालीस, मीठ संपलंय. मी चप्पल न घालता दुकानात पळालो. एवढं मीठ आणलं की वर्षभर पुरलं. रस्त्यात मी रडत होतो, ते तुला सांगितलं नाही."

मी पुढे बोललो. "तू विचारलं होतंस, जातं का हो हे? मी म्हणालो, जातं. बरं वाटावं म्हणून म्हणालो. जात नाही. दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा मुक्काम ठोकतो ना, तसं आहे ते. आधी घरभर पसरतं, पाय ठेवायला जागा देत नाही. मग हळूहळू कोपऱ्यात बसायला शिकतं. त्याच्या देखत आपण जेवतो, भांडतो. हसतोसुद्धा. तू हसायला लागलीस तेव्हा तुला किती लाज वाटली होती."

मग वरून रडणं ऐकू आलं. तोंडावर पदर दाबून रडतात तसं. चाळीस वर्षांत ती रडायला लागली की मी चिडायचो, कारण काय करावं ते सुचायचं नाही. आज चिडलो नाही. बसून राहिलो. बरं वाटलं हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर

गुडघा सुजला. गेलो नाही. तपासली, बंद स्थितीत.

१७ नोव्हेंबर

दोन दिवस खाडा झाला. काल निघालो होतो, पण सुरूपर्यंत जाऊन परत फिरलो. आज आत शिरलो आणि हाक द्यायच्या आधीच ठोका आला. वाट बघत असावी. म्हटलं, "हो, हो, आलो. गुडघा होता." मग बाकावर बसलो आणि मला बोलायला काही सुचेना. समुद्राचा आवाज तेवढा येत होता. किती वेळ गेला कोण जाणे, आणि दगडावर दोन ठोके पडले.

दोन. बोला, ऐकतेय.

पाटीवर दोनाचं काही लिहिलेलं नाही. मी बाहेर जाऊन पाटी पुन्हा वाचली. असं वाटलं की कुणीतरी आपल्याला ओळखलं. आत येऊन पोटभर बोललो.

२० नोव्हेंबर

लेकीचा फोन. अठ्ठावीस तारखेला येतेय, मला घेऊनच जाणार. घर बंद करायचं. जावयाने खोली रंगवून घेतली आहे. "तिथे एकटे भिंतींशी बोलत बसता, शेजारच्या काकू सांगत होत्या," म्हणाली. शेजारच्या काकूंचं कान हे मुख्य इंद्रिय आहे.

'नाही' म्हणायला माझ्याजवळ कारण नाही. म्हणजे आहे, पण ते लेकीला सांगितलं तर ती अठ्ठावीसला नाही, उद्याच येईल आणि सोबत डॉक्टर आणेल.

बुरुजात गेलो, पण हिला सांगवलं नाही. सायकलीच्या मागच्या ब्रेकची तार सैल होती, ती आवळली.

२४ नोव्हेंबर

रोज जातोय. रोज सांगायचं ठरवतो आणि इकडचं तिकडचं बोलून येतो. आज लक्षात आलं, ती आता ठोका हलका मारते. पूर्वी दणका असायचा. दमली असेल. मेलेलं माणूस दमतं का? मी गेलो तर हिच्याशी कोण बोलणार, हा विचार आज पहिल्यांदा आला आणि जेवण गेलं नाही. पण हेही वाटतं, मीच तिला इथं अडकवून ठेवलंय. रोज येऊन नळ नि कुत्रं नि मीठ. माणसाला निघायचं असतं आणि दारात उभा राहून कुणीतरी गप्पा मारत बसतं, तसं. माझा स्वार्थ आहे यात. लेकीकडे जाण्याआधी तिला मोकळं करायला हवं. एवढं तरी मी नीट करीन.

२७ नोव्हेंबर

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दुपारी गेलो. हाक दिली, ठोका आला. बसलो नाही, उभ्यानेच बोललो. "अगं, उद्या लेक येतेय न्यायला. मी चाललो. तुला सोडून जायचं जिवावर आलंय, पण किती दिवस धरून ठेवू? तू खूप सोसलंस. आता थांबू नकोस. आमची काळजी नको, मागे राहिलेले आपापलं निभावून नेतात. कुणी तुला बोल लावणार नाही. जा तू. सुटलीस."

एवढं बोललो आणि थांबलो. एक ठोका येईल असं वाटत होतं. आला असता तर मी गेलोच नसतो. आला नाही. मी दाराला हात लावला आणि निघालो.

सुरूजवळ आलो तर सायकलीचं कुलूप उघडं. चावी त्यातच. पुढच्या टोपलीत चपलांचा जोड आणि त्यावर घराच्या किल्ल्या. माझं डोकं फिरलं. यंत्राला चावी लावून निघून जाणारं माणूस मला सहन होत नाही, हाताखालच्या एकाला मी त्याच पायी घरी बसवलं होतं. इतके दिवस आम्ही चेनला तेल घालायचं आणि यांनी ती चोराच्या हाती द्यायची. मालक जवळपासच असणार, बिनचपलेचा माणूस लांब जात नाही. चार शब्द सुनवावेत म्हणून मागे फिरलो.

आसपास कुणी नव्हतं. बुरुजात येऊन हाक दिली, "वर कोण?" उत्तर नाही. उत्तर नसेल तर चढायला हरकत नाही, असं पाटी म्हणते. आणि हिला तर मीच निरोप दिला होता. म्हटलं, आता वर कुणी नसलं तरी चालेल. गुडघ्याला शिव्या घालत चढलो.

वरती उघडं आहे. वारा उभं राहू देत नाही. समुद्राच्या बाजूच्या कठड्यावर एक बाई बसली होती, पाय पलीकडे सोडून. पाठमोरी, अनवाणी. मला काय वाटलं ते लिहितो. वाटलं, हीच. माझ्या तोंडून नावच निघणार होतं. पण केस काळे होते, पाठ तरुण होती. आणि मी मूर्खासारखा म्हणालो, "बाई, सायकलीला चावी राहिलीये."

ती वळली नाही. म्हणाली, "असू दे. कुणाच्यातरी उपयोगी पडेल."

"असू दे कशी? दर चार दिवसांनी चेनला तेल घालतोय मी. आठवड्यापूर्वीच ब्रेकची तार आवळली."

तेव्हा तिने मान वळवली. औषधांच्या दुकानातली बाई. निम्मी झालेली. "ते तुम्ही होतात होय?" म्हणाली. "मला वाटायचं, माझी मुलगी घालते. सायकल तिला आवडायची."

मग एकेक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली, ठोका, बामाचा वास, फोनची धून. "तुम्ही इथं कधीपासून येता?"

"तुमच्या आधीपासून. इथून ती जागा दिसते." तिने खाली कुठेतरी बोट दाखवलं. मी बघितलं नाही.

"म्हणजे तो ठोका..."

"पाटीवर लिहिलंय ना, म्हणून द्यायचे. तुम्ही वर यायला नको होतात. आणि मग तुम्ही बोलायला लागलात. काकूंशी बोलताय हे कळायचं मला. मी बोलले असते तर तुम्ही बोलायचं थांबला असता." नंतर तिने एवढंच म्हटलं, "आज तुम्ही 'जा' म्हणालात."

"तुम्हाला नाही म्हणालो. माझ्या बायकोला म्हणालो."

"माहीत आहे, काका. पण वर मीच होते."

मी म्हणालो, "मग तो शब्द मी परत घेतो." तिच्या हाताची बोटं कठड्यावर होती, तेवढीच मला दिसत होती. पुढे जाऊन धरावं तर अंतर होतं, आणि अशा वेळी धावायचं नसतं, ते मला माहीत आहे. मी म्हणालो, "बाई, मला चक्कर येतेय. जरा धरता का?"

मी आयुष्यभर तेवीस तेवीस मजल्यांच्या शाफ्टमध्ये लिफ्टच्या टपावर उभा राहिलोय, मला कधी चक्कर आली नाही. आज खोटं बोललो की खरं, ते मला सांगता येणार नाही. पाय खरोखरच गेले होते. मी भिंतीला टेकून खाली बसलो. आणि ती दुकानात बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "सकाळची गोळी घेतली का?"

"नाही. त्या नव्या माणसाने दिलेल्या मला ओळखू येत नाहीत."

"काय माणूस आहात तुम्ही." असं म्हणून तिने एक पाय अलीकडे घेतला. मग दुसरा. माझ्याजवळ येऊन बसली, मनगट धरलं, नाडी मोजायला लागली, आणि मोजता मोजता तिला रडू फुटलं. मी तिचा हात सोडला नाही. जिना उतरतानाही सोडला नाही, अरुंद असला तरी. एकापुढे एक, तिरके होऊन उतरलो.

उतरताना मी विचारलं, "दोन ठोके का द्यायचात?"

"दोन?" ती म्हणाली. "मी एकच द्यायचे."

"सतराला. मी गप्प बसलो होतो तेव्हा."

"तुम्ही गप्प बसलात तेव्हा मी नुसती वाट बघत होते. ठोका ऐकला मी पण. मला वाटलं, तुम्हीच खालून मारलात."

मी पुढची पायरी चाचपली.

तिला बहिणीच्या घरी पोचवलं. बहिणीला जे घडलं ते सगळं सांगितलं, तिच्या देखत सांगितलं. म्हटलं, ताई, हिला एकटी सोडू नका आणि डॉक्टरांना आत्ता बोलवा, उद्या नको. बहिणीने तिथेच फोन उचलला. डॉक्टर येईपर्यंत मी तिथेच थांबलो.

घरी आलो आणि सवयीने म्हणालो, "अगं, आज काय झालं माहितीय का." आणि तोंडातला शब्द तोंडात राहिला. घर रिकामं होतं. आठ महिने घर रिकामंच होतं, पण मला ते आज दिसलं. त्या परक्या बाईला वाचवलं असं बहीण म्हणत होती, माझे हात धरत होती. मला एवढंच कळतंय की मी वर गेलो आणि तिथे माझी बायको नव्हती. उशी तोंडावर घेऊन रडलो. अभ्र्याला आता कसलाच वास येत नाही.

२८ नोव्हेंबर

लेक आली. बॅग भरायला घेतली. मी एक शर्ट काढून परत कपाटात ठेवला, तिने दुसरा भरला, असं बराच वेळ चाललं. शेवटी ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "बाबा, इथं कोण आहे तुमचं?"

परवा विचारलं असतं तर माझ्याजवळ उत्तर होतं. आज नव्हतं. मी म्हणालो, "तुझा एक भाऊ होता. तुझ्या आधी." मग तिला सगळं सांगितलं, मिठापर्यंत. बॅग तशीच उघडी राहिली. आईने मला कधीच का सांगितलं नाही, म्हणून ती रडली, आणि मग मला मिठी मारून रडली. पण जायचं ते जायचंच, असं मात्र तिने सांगून ठेवलंय. पोरगी माझ्यावरच गेली आहे.

२९ नोव्हेंबर

सकाळी त्या बहिणीच्या घरी गेलो. बाई खिडकीशी बसली होती, अंगावर शाल. डॉक्टरांनी औषध दिलंय, दर दोन दिवसांनी ते येणार आहेत. बहिणीने खिडकीला दोरी बांधून टाकलीय, ते बघून मला भरून आलं.

माझ्यासाठी खुर्ची ठेवली. समोरासमोर बसलो आणि मला शब्द सुचेना. इतके दिवस या बाईच्या कानावर घरातलं सगळं घातलं, नळापासून पोटच्या पोरापर्यंत, आणि आता तोंड दिसतंय तर बोलता येत नाही. तिच्या ते लक्षात आलं. तिने आपली खुर्ची वळवली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. "आता बोला," म्हणाली.

मग म्हणालो, "माझी बायको वारली. मार्चमध्ये."

तिला हे माहीत होतं. शेवटच्या महिन्यातली सगळी औषधं तिनेच तर दिली होती, दुकान बंद करून घरी आणूनसुद्धा दिली होती. पण ती म्हणाली, "काय झालं होतं?"

मग मी पहिल्यापासून सांगितलं. ताप आला तिथपासून. हॉस्पिटलातली लिफ्ट कुरकुरत होती आणि मी सारखा तिच्याकडेच बघत होतो, बायकोकडे नाही, हेही सांगितलं. तिने मध्येच काही विचारलं, काही नुसतं ऐकलं. बहिणीने चहा आणून ठेवला तो दोघांचाही गार झाला. माझं सांगून संपलं तेव्हा डोकं दुखत होतं आणि अंग धुतल्यासारखं वाटत होतं.

मी विचारलं, "आणि तुमच्या मुलीचं?"

तिची पाठ तशीच होती. खांदे तेवढे हलले. मला वाटलं, उगीच विचारलं.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

मी म्हटलं, बरं, उद्या येतो. घरी येऊन लेकीला सांगितलं, तिकीट पुढे ढकल, मला उद्या काम आहे.